अर्जेंटिनाचा कर आणि अप्पांचा टॉवेल

आमच्या घरात देवाच्या आधी अर्जेंटिनाचं नाव घेतलं जातं. माझे वडील, म्हणजे अप्पा, सकाळी उठतात आणि कपाळाला विभूती लावायच्या आधी फोन उघडून रात्रीत अर्जेंटिनानं काय केलं ते बघतात. सोलापूरच्या मार्केट यार्डात त्यांची आडत आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून द्यायचं दुकान. सोयाबीन, सूर्यफूल, करडई, शेंगा, ज्याच्यातून म्हणून तेल निघतं ते सगळं. अर्जेंटिना नकाशावर कुठं आहे ते त्यांना दाखवता येणार नाही. पण तिथल्या सरकारनं सोयाबीनवरचा निर्यात कर वाढवला की अप्पा शीळ घालत अंघोळीला जातात, आणि कमी केला की त्या दिवशीच्या उप्पीटात मीठ जास्त होतं. मीठ तेवढंच असतं हो! अव्वा, म्हणजे माझी आई, रोज त्याच चमच्यानं घालते. पण बोलणी तिलाच खावी लागतात.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मलाही कुणी नीट सांगितलं नव्हतं, ओरडा खातखातच शिकले. आपण खातो त्यातलं बरंचसं तेल बाहेरून येतं. सोयाबीनचं अर्जेंटिनाकडून, पामचं इंडोनेशिया-मलेशियाकडून. बाहेर जाणाऱ्या मालावर तिथली सरकारं कर लावतात. कर वाढला की ते तेल इथं महाग पडतं आणि आपल्या सोयाबीनला भाव चढतो. कर उतरला की तेल स्वस्तात बंदरावर येऊन पडतं आणि आपला भाव बसतो. मधूनच आपलं सरकार आयात शुल्क वरखाली करतं आणि ज्यांना झोप लागली असेल त्यांना उठवतं. एवढंच गणित. पण या गणितापायी आमचा नवा फ्रिज दोन दिवाळ्या पुढं गेला आणि अव्वाची तिरुपतीची यात्रा अजून व्हायचीच आहे.

मला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची नोकरी लागली तो दिवस तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. हौसेनं पेढ्यांचा बॉक्स घेऊन यार्डात गेले. त्याच दिवशी इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवणंच बंद केलेलं. सगळं यार्ड आनंदात, प्रत्येक आडत्याच्या गादीवर पेढे. मी बॉक्स पुढं केला की जो तो म्हणायचा, "आत्ताच खाल्ला की बाई, इंडोनेशियाचा." एकानं घेतला, पण तोही म्हणाला, "हा बी त्येचाच ना?" मी रागारागानं उरलेले पेढे रिक्षावाल्याला दिले. त्यानं निदान विचारलं तरी, कशाचे म्हणून.

तेव्हापासून मी घरात जाहीर करून टाकलं होतं. लग्न करीन. मुलगा काळा बघा, बुटका बघा, टकला बघा, मी तोंडातून ब्र काढणार नाही. पण तेलबियांच्या धंद्यातला नको. एका घरात जन्म घालवला तेवढा पुरे, दुसऱ्याही घरात मला अर्जेंटिनाची सून व्हायचं नाही. अव्वा भाकरी थापत राहायची. अप्पा "बरं बरं" म्हणायचे आणि फोनमध्ये डोकं घालायचे.

गेल्या वर्षी आत्यानं एक स्थळ आणलं. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. राहते दोन गल्ल्या सोडून, पण हुकूम चालतो आमच्या घरात. "पोरगं इंजिनिअर हाय," ती म्हणाली. "पुण्याला हाय. येकदम तुला पायजे तसलं."

"घरचा धंदा काय?" मी विचारलं.

"धंदा कशाला बगतीस? पोरगं बग की."

तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. पण पुण्याचा इंजिनिअर म्हटल्यावर मीही जरा सैल पडले, खोटं कशाला बोलू.

रविवारी पाहुणे आले. गाडीतून आधी मुलाचे वडील उतरले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, आणि खांद्यावर घडी केलेला जाड सोलापुरी टॉवेल. मी खिडकीतून बघत होते. तो टॉवेल दिसला आणि मला कळायचं ते कळलं. इंजिनिअरचा बाप असा टॉवेल टाकून फिरत नाही. असा टॉवेल यार्डातली माणसं टाकतात. "बर्री, बर्री, कूडरी," म्हणत अप्पांनी त्यांना कानडीत बसवून घेतलं, आणि पाण्याच्या पहिल्याच घोटाला पाहुणे म्हणाले, "आमची अक्कलकोट रोडला ल्हानशी तेलगिरणी हाय."

मी आत्याकडे बघितलं. आत्या पंख्याकडे बघायला लागली.

उप्पीट झालं, चहा झाला. मग रिवाजाप्रमाणे आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. मुलगा दिसायला बरा होता, चष्मा वगैरे. मी म्हटलं, धंदा बापाचा आहे, याचा काय दोष, ऐकून तरी घेऊ.

तो म्हणाला, "तुमच्याशी अगदी स्पष्ट बोललं तर चालेल का?"

मला बरं वाटलं. "बोला की."

"तुमच्याकडं गोडाऊनला सोयाबीन किती पडून आहे?"

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला वाटलं मला प्रश्न कळला नाही, म्हणून त्यानं समजावून सांगितलं. पुण्याची नोकरी त्यानं दिवाळीलाच सोडली होती. आता वडिलांच्या गिरणीत पामतेल शुद्ध करायचं मशीन टाकणार होता. पुढचा काळ पामतेलाचाच आहे, असं त्याचं ठाम मत होतं. मी शेवटचा उपाय म्हणून विचारलं, "आणि मोकळ्या वेळात काय आवडतं?"

"संध्याकाळी मलेशियाचे भाव बघतो," तो म्हणाला. आणि लाजला! काय सांगू, खरंच लाजला तो.

"हे बघा," मी म्हटलं, "तुम्ही माणूस चांगले आहात. पण मला हे जमणार नाही. मी खाली जाऊन तसं सांगते."

"घाई करू नका," तो म्हणाला. "आयात शुल्क उतरलं तर आमचीपण परिस्थिती वेगळी असेल."

मी ताडताड जिना उतरायला लागले. नाही म्हणायचं, सगळ्यांसमोर म्हणायचं, हे माझं ठरलं होतं.

आता मी गच्चीवर असताना खाली काय झालं ते सांगते. ते मला नंतर अव्वाकडून कळलं. इकडच्या तिकडच्या, मानपानाच्या गप्पा चालल्या असताना अप्पांचा फोन वाजला. यार्डातल्या कुणीतरी कळवलं होतं की अर्जेंटिनानं निर्यात कर काढूनच टाकला. काढूनच! म्हणजे उद्या भाव कोसळणार, आणि अप्पांचं गोडाऊन पार छतापर्यंत भरलेलं. अप्पांच्या तोंडचं पाणी पळालं, पण चेहरा त्यांनी तसाच ठेवला. समोर कोण बसलं होतं? गिरणीवाला. सोयाबीन विकत घेणारा माणूस, घरात, गादीवर, चहा पिऊन टेकलेला. याला बातमी कळायच्या आत माल याच्या गळ्यात मारायचा, असं अप्पांनी मनात धरलं.

पण त्याच सुमारास गिरणीवाल्यांचाही फोन वाजला होता. त्यांना कळलं होतं की इंडोनेशियानं पामतेलावरचा कर वाढवला. म्हणजे पामतेल महागणार, उद्यापासून सगळे सोयाबीनवर तुटून पडणार. आणि समोर आडत्या बसलेला, गोडाऊन भरलेला, त्याला अजून काहीच ठाऊक नाही. याच्याकडून आजच्या भावात माल उचलायचा, असं त्यांनीही मनात धरलं.

"मालक, सोयाबीनचं काय म्हणताय?" ते सहज विचारल्यासारखं म्हणाले.

"इकायचं तर होतं," अप्पाही तसंच सहज म्हणाले. "घेणार का तुमी?"

आता भाव बोलायचा कसा? खोलीत मामा, काका, त्यांच्याकडचे पाहुणे, सगळे धंद्यातले. चारचौघांत आकडा बोलायचा नाही, ही जुन्या माणसांची सवय. हल्ली यार्डात उघडा लिलाव होतो, भाव पाटीवर झळकतो. पण अप्पांच्या वयाच्या माणसांचा हात अजूनही टॉवेलाकडेच जातो. एकानं टॉवेल हातावर टाकायचा, दुसऱ्यानं त्याखाली हात घालायचा, आणि बोटं दाबून भाव सांगायचा. पटलं तर हात घट्ट दाबायचा, नाही पटलं तर काढून घ्यायचा. वरून हवापाण्याच्या गप्पा चालू ठेवायच्या. आणि एकदा हात दाबला की संपलं. मग आभाळ कोसळलं तरी माघार नाही. अप्पांनी आयुष्यात टॉवेलाखालचा शब्द फिरवलेला नाही, हे यार्डात पोरंसोरंही सांगतील.

तर अप्पांनी टॉवेल हातावर टाकला, गिरणीवाल्यांनी हात घातला. दोघं पावसाबद्दल बोलत होते म्हणे. बोटं चालली, टॉवेल हलला, हात दाबले गेले, आणि दोघंही गालातल्या गालात हसत मागं टेकले.

हे सगळं आत्यानं स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. आणि आत्याला काय वाटावं? पूर्वी आमच्यातली देण्याघेण्याची बोलणीसुद्धा म्हणे टॉवेलाखालीच व्हायची, बायकांच्या कानावर जाऊ नयेत म्हणून. आत्याचं स्वतःचं लग्न तसंच ठरलेलं. मुलगी बघायला आलेले व्याही, दोघांचे हात टॉवेलाखाली, दोघांच्या चेहऱ्यावर हसू. तिच्या मनात तिळभर शंका राहिली नाही. "ठरलं गं ठरलं!" असं ओरडत ती आत धावली आणि पेढ्यांचा बॉक्स फोडला.

मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आले, "मला काही बोलायचंय" म्हणायला तोंड उघडलं, आणि आत्यानं त्यात आख्खा पेढा कोंबला. नुसता कोंबला नाही, वर हात दाबून धरला. मी गुदमरले. तोपर्यंत मुलाच्या आईनं मला जवळ घेतलं, मामीनं कुंकू लावलं, कुणीतरी कार्यालयाची चौकशी सुरू केली. मी पेढा गिळतेय आणि हातवारे करतेय, तर मुलाची मावशी म्हणते, "लाजतीया बगा." माझा संताप संताप झाला! एवढा मोठा पेढा कशाला बनवतात लोक?

आत्यानं बॉक्स बाहेर नेला. दोन्ही बापांनी सौद्याचे म्हणून एकेक पेढा खाल्ला. मुलाच्या आईनं हसत विचारलं, "मग कधी करायचं म्हणताय?"

"उद्याच," अप्पा म्हणाले. "उशीर कशाला? मी ट्रक सांगून ठेवतो."

मुलाची आई म्हणाली, "ट्रक?"

मग हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. अप्पांच्या डोक्यात सगळ्यात शेवटी. त्यांनी आधी आत्याकडे बघितलं, मग माझ्या कपाळावरच्या कुंकवाकडे. "आक्का, आगं सोयाबीनचं बोलत होतो आमी," ते म्हणाले.

आत्याचा चेहरा पडला, पण ती कसली माघार घेते! "आसंल सोयाबीनचं," ती म्हणाली. "पण त्वांड ग्वाड झालं, कुकू लागलं. पावण्यांच्या देखत टावेलाखाली हात दाबलाय तू. आता मागं घेतलास तर यार्डात काय त्वांड दाखवणार हायस?"

पाहुण्यांचे चेहरे अवघडलेले. मामा छताकडे बघत होते. मुलगा एव्हाना खाली येऊन कोपऱ्यात उभा होता. आणि मला दिसत होतं की अप्पा डळमळायला लागलेत. कारण आत्यानं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. एवढ्या माणसांसमोर, आलेल्या पाहुण्यांना, पेढा खाल्ल्यावर नाही म्हणायचं, हे अप्पांसारख्या माणसाला जड जातं. आणि मी? माझ्या घशात अजून पेढा होता. रागानं कान गरम झाले होते, आणि खरं सांगते, भीतीही वाटत होती. माझं सगळं आयुष्य त्या क्षणाला त्या खोलीत लोंबकळत होतं आणि मला कुणी विचारतच नव्हतं. सगळ्यांसमोर नाही म्हणायचं ठरवून आलेली मी, वीस-पंचवीस डोळे माझ्याकडे वळल्यावर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

अप्पा उठले. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी आपल्या उजव्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

"घाल हात," ते म्हणाले. "पायजे आसंल तर दाब. नको आसंल तर काढून घे. हितल्या कुणाला कळायचं न्हाय."

मी हात घातला. त्यांचा हात नेहमीसारखाच खरखरीत होता, पोत्याच्या सुतळीनं घासलेला. मी हात काढून घेतला.

अप्पांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि पाहुण्यांकडे वळून हात जोडले. "मालक, माफ करा. सोयाबीन तुमचं झालं, त्यात बदल न्हाय. पण पोरीचं न्हाय जमायचं. नको मीच म्हणतोय, तिला बोल लावू नका. मी शबुद फिरवला म्हणून यार्डात सांगायचं आसंल तर खुशाल सांगा."

आत्यानं डोक्याला हात लावला. मला वाटलं, आता गिरणीवाले कडाडणार. ते गंभीर चेहऱ्यानं बराच वेळ अप्पांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे सोयाबीन पक्कं?"

"पक्कं."

"मग काय हरकत न्हाय," ते म्हणाले आणि चक्क दुसरा पेढा उचलला. त्यांच्या बायकोनं असं बघितलं त्यांच्याकडे की मला त्यांची कीवच आली. पण ते खुशीत होते, त्यांच्या पोटात बातमी मावत नव्हती. "आता सौदा झालाय तर सांगायला हरकत न्हाय, मालक. इंडोनेशियानं कर वाढवलाय!"

अप्पांचा चेहरा उतरला. मग त्यांनाही आठवलं, आणि ते हसले. "आता मीबी सांगतो. अर्जेंटिनानं काढून टाकलाय!"

दोघांनी एकदमच फोन काढले. दोघं शेजारीशेजारी बसून एकमेकांच्या फोनमध्ये बघायला लागले. मुलगाही चष्मा सावरत त्यांच्यात जाऊन बसला. लग्न मोडलंय याची त्या कोपऱ्यात कुणाला आठवणही उरली नव्हती. पुढं आठवडाभर सोयाबीनचा भाव जागचा हलला नाही. एकानं वर ओढला, दुसऱ्यानं खाली, आणि फसवल्याचं समाधान दोघांपैकी कुणालाच मिळालं नाही. पाहुणे मात्र जाताना जेवून गेले. मुलाच्या आईनं मला निघताना हळूच सांगितलं, "सुटलीस बाई." तिच्या आवाजात राग नव्हता.

आत्या पेढ्यांचा बॉक्स उचलून फणकाऱ्यानं निघून गेली. दिवेलागणीला घरात आम्ही तिघंच उरलो. अप्पा गादीवर बसले होते. मला वाटलं, इंडोनेशियाची बातमी आधी कळली असती तर, असलं काहीतरी डोक्यात चाललं असणार.

"तुजा हात गार पडला होता," ते एकदम म्हणाले. "कापत होता. इतकी वर्सं यार्डात हात धरतोय मी, कापणारा हात लगीच कळतो. तू मागंच सांगितलं होतंस, तेलातला नको म्हणून. मी बरं बरं म्हणालो आन ऐकलंच न्हाय. सकाळीच नीट इचारायला पायजे होतं."

मला रडू आलं. अप्पांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

अव्वा दाराशी उभी राहून ताट पुसत होती. ती म्हणाली, "माजाबी कापत होता."

"कवा?" अप्पांनी विचारलं.

"लग्नात. तुमी हात धरलात तवा."

अप्पा गोंधळले. "तवा आसं इचारायची पद्धत कुटं होती?"

"टावेल तर होता की खांद्यावर," अव्वा म्हणाली.

अप्पा ओशाळं हसले, खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकला आणि हात तिच्याकडे केला. "बरं बाई, आता इचारतो. आता सांग."

मला वाटलं, ती हसून उडवून लावेल. पण अव्वानं ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसला आणि टॉवेलाखाली घातला. आणि काढून घेतला.

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. "आगं, आता काढून काय उपेग?"

"उपेग कुटाय?" ताट उचलून आत जाता जाता अव्वा म्हणाली. "काढायचा राहिला होता, तेवडा काढला."